ब्रिस्कलीची चाल

“वायदंडे! वॉक ब्रिस्कली!”

पारखे सिस्टरांचा आवाज व्हरांड्याच्या पार त्या टोकाहून आला आणि माझ्या हातातला ट्रे हलला. ट्रेमध्ये थर्मामीटर होते, कापसाचे बोळे होते, वॉर्डातले पेशंट त्यांची वाट बघत होते. पण तो शब्द कानावर पडला की मला यातलं काही दिसेनासं व्हायचं. दुपारचं ऊन खांबांमधून फरशीवर उतरलं होतं. एक पट्टा उन्हाचा, एक सावलीचा, असा तो व्हरांडा लांबच लांब गेला होता. आवारातल्या नीलगिरीचा वास येत होता. आणि कुठूनतरी, फार लांबून, माझ्या आबांची क्लॅरोनेट सुरू झाली होती.

मी पावलं आवरली. मान किंचित खाली घातली. एक पाऊल टाकायचं, ते पुरतं टेकू द्यायचं, मग दुसरं उचलायचं. उन्हातून सावलीत, सावलीतून उन्हात, अशी मी निघाले.

“अगं, आणखी हळू?” पारखे सिस्टर समोर येऊन उभ्या राहिल्या. “मी एक सांगते नि तू भलतंच करतेस. मला वेड लावायला आलीस का गं तू?”

मला काही कळेना. मी तर जीव ओतून ब्रिस्कली चालत होते.

आता आमच्या घरात जन्मलेल्या माणसाला ब्रिस्कली म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, पण इतरांना सांगायला हवं. आम्ही बँडवाले. आमच्या गावाला पूर्वी एक लहानसं संस्थान होतं. संस्थान म्हणजे काय, एक राजवाडा, हत्ती नसलेला हत्तीखाना आणि बँड. त्या बँडाला शिकवायला एक गोरा साहेब ठेवलेला होता. माझे आजोबा त्याच्या हाताखाली कॉर्नेट वाजवायचे. साहेबाला मराठी येत नव्हती, आजोबांना इंग्रजी. दोघांचं सगळं हातवाऱ्यांवर भागायचं. साहेबानं पुष्कळ चाली शिकवल्या. त्यातली एक आजोबांच्या फार जिवाची होती. ती धरली की साहेब दोन्ही हात हलवत ओरडायचा, “ब्रिस्कली! ब्रिस्कली!” आजोबांनी ओळखलं, या चालीचं नाव ब्रिस्कली.

मग साहेब विलायतेला परत निघाला. राजवाड्याच्या दरवाज्यात सगळा बँड उभा राहिला आणि आजोबांनी त्याची ब्रिस्कली धरली. कॉर्नेट फुंकायची आणि रडायचं ही दोन्ही कामं एकदम होत नाहीत, म्हणून ती आपोआप संथ झाली. साहेब मोटारीत बसता बसता वळला, त्यानं रुमालानं डोळे पुसले आणि हात हलवत पुन्हा म्हणाला, “ब्रिस्कली, ब्रिस्कली!” झालं. चालीचं भाग्य उजळलं. पुढं संस्थान गेलं, वाद्यं आमच्या घरात आली आणि ब्रिस्कली झाली पाठवणीची चाल.

आमच्या पंचक्रोशीत लेक सासरी निघाली की ब्रिस्कली वाजायची. तिच्याशिवाय मुलीचा पाय मांडवाबाहेर पडत नसे. ज्यांच्या दारात आम्हाला पाणी ओंजळीत वरून मिळायचं, त्यांच्या लेकीही आबांच्या ब्रिस्कलीवरच सासरी गेल्या. बायका एकमेकींना विचारायच्या, “काय वैनी, औंदा ब्रिस्कली हाय का तुमच्यात?” पहिले दोन सूर निघाले की आयांचे पदर डोळ्यांना लागायचे, आणि मुलगी हळूहळू, एकेक पाऊल मोजून टाकल्यासारखी मोटारीकडं चालू लागायची. माझ्या आक्काच्या लग्नात आबांनी डोक्यावरचा फेटा काढून चुलत्यांच्या हातात दिला होता आणि स्वतः क्लॅरोनेट घेतली होती. लोक म्हणाले, दौलूमास्तर, मुलीच्या बापानं वाजवायचं नसतं. आबा म्हणाले, “बाप म्हून रडायचं त्ये मी पोटात रडीन. पर माझ्या लेकीची ब्रिस्कली दुसऱ्याच्या फुंकीनं न्हाई वाजायची.”

मी मात्र घरातून निघाले ती एस.टी.नं. मॅट्रिक झाले, नर्सिंगला नंबर लागला, आणि आबांनी माझी ट्रंक टपावर चढवली. आत्ती स्टँडवर उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत होती, “लगीन न करता पोर परगावी धाडत्यात व्हय कुनी?” तिचा तानाजी आमच्याच बँडात मोठा ढोल वाजवायचा आणि माझ्यावर तिनं त्याच्यासाठी मी पाळण्यात असल्यापासून डोळा ठेवला होता. तानाजी वाईट नव्हता. ढोलासारखाच गोल होता आणि त्याचा आवाजही तेवढाच होता. पण मला नर्सच व्हायचं होतं. डोक्यावर ती पांढरी, कडक इस्त्रीची टोपी घालायची होती. दुसरं काही मला त्या वयात हवं असल्याचं आठवत नाही. म्हणजे, एक हवं होतं. मला वाटत होतं, आबा गाडी सुटताना पिशवीतून क्लॅरोनेट काढतील. एस.टी.ला कोण वाजवतं! आबा खिडकीशी आले आणि एवढंच म्हणाले, “जमलं तर बग. न्हाई जमलं तर माघारी ये. आत्ती हायच.” गाडी सुटली. कंडक्टरनं घंटी मारली तेवढीच काय ती माझी वाजंत्री.

म्हणून पारखे सिस्टरांच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला किती बरं वाटलं असेल! पहिल्याच तासाला आम्हा नव्या मुलींना त्यांनी वॉर्डात कसं वागायचं ते सांगितलं होतं. उंच, सडसडीत बाई. केसांचा एक तंतूही इकडचा तिकडं नाही. “वॉर्डात पळायचं नाही,” त्या म्हणाल्या. “नर्स पळाली की पेशंट घाबरतो. नर्सेस डू नॉट रन. नर्सेस वॉक ब्रिस्कली.”

मी मान डोलावली. यात न कळण्यासारखं काय होतं? पळायचं नाही. ब्रिस्कली चालायचं. म्हणजे लेक मांडवातून निघते तसं, हळुवार, अदबीनं. इतक्या मोठ्या दवाखान्यात आमची चाल माहीत असलेली बाई भेटली याचंच मला अप्रूप वाटलं होतं. त्या ओरडल्या, “ब्रिस्कली!” की मी पाऊल आणखी हळू करायची. मी हळू केलं की त्या आणखी ओरडायच्या. असं आमचं दोघींचं महिनोनमहिने चाललं होतं. चहा वॉर्डात पोचेपर्यंत निवायचा. शेकायच्या पिशवीतलं पाणी कोमट व्हायचं. आणि मी आपली स्वप्नात असल्यासारखी, कानात क्लॅरोनेट घेऊन, उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात.

माझ्या खोलीत जालन्याची एस्तेर उबाळे होती. तिनं एकदा विचारलंसुद्धा, “तू हे मुद्दाम करतेस का गं?”

“मुद्दाम काय करायचंय? ब्रिस्कलीच तर चालते मी.”

ती पलंगावर पडून हसत सुटली. मी विनोद केला असं तिला वाटलं. मलाही ती का हसते ते विचारावंसं वाटलं नाही. त्या दिवसांत मला फारसं काही विचारावंसं वाटतच नसे.

टोप्या मिळायचा समारंभ जवळ आला. ज्यांचं काम पसंत पडेल त्यांच्या डोक्यावर टोपी, बाकीच्या घरी. पारखे सिस्टरांनी मला बोलावून घेतलं.

“वायदंडे, तुझा हात हलका आहे. तू ड्रेसिंग केलेलं दुखत नाही म्हणतात. वॉर्डातल्या म्हाताऱ्या तुझंच नाव घेतात. पण तुझ्या चालीनं वॉर्ड चालवला, तर पेशंट बरा व्हायच्या आधी म्हातारा होईल. मी तुझ्या वडलांना बोलावलंय.”

बोलावलंय म्हणजे न्यायला बोलावलंय, एवढं कळायला इंग्रजी लागत नव्हतं.

आबा आले ते थेट लग्नातून. दवाखान्याच्याच बाजूच्या एका गावात सकाळची वाजवायची सुपारी होती, ती उरकून ते तसेच आले होते. लाल कोट, त्यावर सोनेरी झालर, खांद्याला क्लॅरोनेटची पेटी. व्हरांड्यातल्या बाकावर ते अगदी कडेला बसले होते, बाक कुणा दुसऱ्याचा असल्यासारखे. वॉर्डाच्या जाळीतून आया आणि पोरी डोकावत होत्या. पांढऱ्याशुभ्र दवाखान्यात तो लाल कोट फार दिसत होता.

“जमंना व्हय?” मी जवळ जाताच आबा हळूच म्हणाले. “जमंना तर जमंना. मनाला लावून घिऊ नगंस. ट्रंक भर. आत्तीनं निरोप धाडलाय, तानाजीसाठी दुसरीकडनं बी इचारत्यात म्हून.”

“ट्रंक भरून ठेवलीय,” मी म्हणाले. ती बाकाशेजारीच होती. पारखे सिस्टरांनीच सकाळी भरायला सांगितली होती. “पर आबा, मला टोपी पायजे.”

आबांनी माझ्याकडं पाहिलं आणि मग ट्रंकेकडं. त्यांना काय म्हणायचं होतं ते राहिलं, कारण पारखे सिस्टर टाचा वाजवत आल्या. आबा उभे राहिले.

“बसा मास्तर. तुमच्या मुलीबद्दल माझी एकच तक्रार आहे आणि ती तुम्ही तुमच्या डोळ्यांनी बघा.” त्या माझ्याकडं वळल्या. “त्या शेवटच्या खांबापर्यंत जा आणि परत ये. वॉक ब्रिस्कली.”

आबा दचकले. त्यांच्या तोंडावर एकदम काहीतरी उजळलं. मी ते पाहिलं आणि मला धीर आला. आता आबा बघतायत म्हटल्यावर मी कसर ठेवली नाही. आक्का गेली होती तशी चालले. मान खाली, हात पोटाशी जुळवलेले, पावलागणिक मागं काहीतरी राहून जात असल्यासारखी. खांबाला वळसा घालून तशीच परत आले. सिस्टरांनी कपाळाला हात लावला होता, आणि आबांचे डोळे भरून आले होते.

“बघितलंत?”

“बगितलं की!” आबा म्हणाले. “काय चालली माझी पोर! जरासुदिक चुकली न्हाई. बाईसायेब, ब्रिस्कली अशीच असती.”

“कशी असते?”

“पर तुमास्नी कशी ठावं? म्या तर म्हनत हुतो, आमच्या गावाभाईर कुनाला म्हाईत न्हाई. माझ्या बाची चाल हाय ती.”

“मास्तर, तुम्ही कशाबद्दल बोलताय?”

“ब्रिस्कलीबद्दल!” आबांना वाटलं, बाईंना ऐकायचीच आहे. त्यांनी पेटी उघडली, क्लॅरोनेटचे भाग जोडले, पत्ती ओठांत धरून ओली केली. “दवाखान्यात चालंल न्हवं? हळूच वाजवतो.”

सिस्टर काही बोलायच्या आत पहिला सूर निघाला.

मी ती शेकडो वेळा ऐकली होती, पण मांडवाच्या गलक्यात. त्या स्वच्छ, रिकाम्या व्हरांड्यात ती निराळीच वाटली. सूर खांबाखांबाला टेकत, रेंगाळत पुढं गेला. झाडणारी आया झाडू धरून तशीच थांबली. स्ट्रेचर ढकलणाऱ्यानं स्ट्रेचर भिंतीला लावलं. बायकांच्या वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर आमच्याच भागातली एक आजी होती. तिला मोतीबिंदूमुळं दिसत नसे. ती उशीवरून मान वर करून मोठ्यानं विचारू लागली, “कुनाची पोर चालली गं? अगं, कुनाची पोर चालली?” पारखे सिस्टर बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या होत्या. त्या कधी बसलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

चाल संपली. आबांनी क्लॅरोनेट मांडीवर घेतली.

“हिला ब्रिस्कली म्हणता तुम्ही?” सिस्टरांनी विचारलं. त्यांचा आवाज खाली आला होता.

आबांनी त्यांना साहेबाची गोष्ट सांगितली. हात कसे हलवायचा ते करून दाखवलं. मोटारीत बसताना डोळे कसे पुसले तेही दाखवलं. सिस्टर ऐकत राहिल्या. मध्येच त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं तो राग नव्हता. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

“मास्तर,” त्या म्हणाल्या, “चाल फार गोड आहे. मी आमच्या चर्चमध्ये पेटी वाजवते, मला थोडं कळतं. पण ब्रिस्कली हे तिचं नाव नाही.”

“मग काय हाय?”

“तो शब्द आहे. एखादी गोष्ट कशी करायची, ते सांगणारा.” त्या मराठी शब्द शोधू लागल्या. “भराभर. नाही, भराभर करताना माणूस काम उरकतो. लगबगीनं म्हणावं तर त्यात घाई आली, धांदल आली. पळत तर मुळीच नाही.” त्या थांबल्या. “झपझप. झपझप म्हणतो ना आपण? पाऊल हलकं, अंगात हुरूप आणि कुठं जायचंय ते ठाऊक. ब्रिस्कली म्हणजे झपझप.”

“झपझप,” आबा म्हणाले.

त्यांनी मांडीवरच्या क्लॅरोनेटकडं पाहिलं. नीलगिरीची पानं तेवढी वाजत होती.

“म्हंजे सायेब नाव न्हवता सांगत.”

“नाही.”

“वरडत हुता. आमी हळू वाजवतो म्हून.”

“जरा उचला, असं सांगत असेल.”

“आन् मोटारीत बसताना?” आबांनी विचारलं. “तवाबी वरडतच हुता व्हय? माझा बा मरस्तवर सांगत हुता, सायेब ब्रिस्कलीचं नाव घेत घेत गेला म्हून.”

“डोळे पुसले म्हणता ना? मग रडतही असेल आणि सांगतही असेल, मास्तर. माणसाला दोन्ही येतं.”

आबा हसले. आधी नुसते खांदे हलले, मग कोटावरची झालर हलायला लागली, आणि मग त्यांनी तोंडावर हात घेतला. ते किती वेळ हसत होते आणि कधी हसायचे थांबले, ते मला सांगता यायचं नाही. मलाही हसू यायला हवं होतं. इतक्या महिन्यांचा उलगडा झाला होता. पण मला आबांचा लाल कोट बघवत नव्हता. साऱ्या गावाच्या लेकी ज्या चालीवर रडत गेल्या, ती चाल उड्या मारायची निघाली होती.

“गावात सांगू नगंस,” आबा मला म्हणाले.

मी सांगितलं नाही. पुढं आबा वारले, बँड चुलतभावांकडं गेला. गावात ब्रिस्कली आजही वाजते आणि संथच वाजते, आणि तिथल्या आया पहिल्या दोन सुरांनाच रडतात. मीही रडते. शब्द साहेबाचा असेल, रडणं आमचं आहे.

पण त्या दिवशी प्रश्न गावाचा नव्हता, माझा होता. पारखे सिस्टर उभ्या राहिल्या.

“मास्तर, मी आज हिला तुमच्याबरोबर पाठवणार होते. मला वाटत होतं, ही माझं ऐकत नाही. ही तर कुणी ऐकत नाही इतकं ऐकत होती.” मग मला म्हणाल्या, “पण खरं सांगू? अर्थ कळला म्हणून पाय ऐकतातच असं नाही. वॉर्डाला अर्थ नको, पाय हवेत. पुन्हा एकदा जाऊन ये. आज जमलं तर टोपी, नाहीतर एस.टी. आहेच.”

मी निघाले. झपझप, झपझप, असं मनात म्हणत निघाले. दुसऱ्या खांबापाशीच पळायला लागले.

“पळू नकोस!”

मी थांबले. पुन्हा पाऊल उचललं. पण पळायचं नाही म्हटल्याबरोबर कानात तीच संथ क्लॅरोनेट सुरू झाली आणि पाय तिच्या मागोमाग गेले. मी ते ओढून काढत होते, ते पुन्हा तिथंच जात होते. उन्हाच्या पट्ट्यात मी उभी राहिले आणि मला रडू फुटलं. येत नाही. मला माझ्याच घरची चाल मोडता येत नाही. मागं वळून पाहिलं तर आबा ट्रंकेवर हात ठेवून बसले होते.

त्यांनी ती उचलली असती तर मी मुकाट्यानं मागोमाग गेले असते. त्यांनाही ते नको होतं असं नाही. घर रिकामं झालं होतं, आक्का सासरी, आई केव्हाच गेलेली. आत्तीच्या घरी मला दिलं असतं तर चार दारं सोडून राहिले असते. रोज दिसले असते. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

आबांनी ट्रंकेवरचा हात काढला.

“बाईसायेब,” ते म्हणाले, “झपझप म्हंजे कितपत?”

सिस्टरांनी बोटांनी बाकाच्या पाठीवर ठेका धरला. आबांनी तो पायानं उचलला. क्लॅरोनेट ओठांना लावली, दोन सूर घेतले आणि चुकले. पुन्हा घेतले. बोटांना ती वाट माहीत नव्हती; जन्मभर सवय झालेल्या जागी ती रेंगाळायला बघत होती. आबांनी डोळे मिटले आणि तिसऱ्यांदा धरली.

आणि ती निघाली. तीच चाल, सूर न् सूर तोच, पण जणू कुणी तिच्या पायातलं काही सोडलं होतं. ती पायऱ्या उतरत होती, वळत होती, पदर खोचून पुढं जात होती. इतकी वर्षं ती रडवत होती आणि तिच्या पोटात हे होतं! आबांनी क्षणभर ओठ मोकळे केले आणि ओरडले, “चाल!”

मला म्हणाले की त्या चालीला म्हणाले, कोण जाणे. मी चालले.

पाय आपसूक उचलत होते. ऊन, सावली, ऊन, सावली, असे पट्टे मागं पडत गेले. ट्रे हातात नव्हता, पण हात तो धरल्यासारखे सरळ झाले होते. दारादारांतून चेहरे दिसत होते, एस्तेर टाळ्या वाजवत होती. मला घाई नव्हती. मला फक्त कुठं जायचंय ते ठाऊक होतं. मध्येच लख्खकन लक्षात आलं, आबा वाजवतायत आणि मी चाललेय. लेकीची ब्रिस्कली दुसऱ्याच्या फुंकीनं नको म्हणणारा माझा बाप, लाल कोट घालून, माझी पाठवणी करत होता.

“वळू नकोस!” मागून सिस्टर म्हणाल्या. “वॉर्डात जा. पेशंट वाट बघतायत.”

म्हणून मी शेवटच्या खांबाशी वळले नाही, सरळ बायकांच्या वॉर्डात शिरले. तिथून जाळीतून व्हरांडा दिसत होता. बाकावर कुणी नव्हतं. ट्रंक तिथंच होती आणि पारखे सिस्टर तिच्या शेजारी पाठमोऱ्या उभ्या होत्या. चाल अजून ऐकू येत होती. आवारातून, नीलगिरीखालून, फाटकाकडं जात होती. फाटकापर्यंत ती झपझप गेली.

फाटकाबाहेर गेल्यावर ती हळू झाली. अगदी हळू, गावात वाजते तशी. एस.टी. स्टँडचा रस्ता लांब होता आणि आबा ती ओढत ओढत नेत होते. त्यांना वाटलं असेल, इतक्या लांबचं मला आता ऐकू येत नसेल.

खिडकीजवळच्या आजीनं पुन्हा मान वर केली. “अगं, कुनाची पोर चालली गं?”

“दौलूमास्तराची, आजी,” मी म्हणाले.

“पान्याचं बगतीस का, बाय? घसा वाळलाय.”

तांब्या वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला होता. मी तो घेऊन आले, झपझप.